हटवारबाईंचं भेव

उमरेड रोडवरच्या सलाईनच्या कारखान्यात मी नोकरीला लागले, त्या पहिल्या सकाळी कपडे बदलायच्या खोलीत एक बाई माझ्या शेजारी उभ्या राहून टोपीत केस कोंबत होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, काटकुळ्या, कपाळावर हिरवं गोंदण. माझी त्यांची काही ओळख नव्हती. माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "मले बाप्पा भेव लागून राहिलं."

मी दचकून विचारलं, "कशाचं?"

"नऊ वाजाचं."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेनऊ झाले होते. त्या हटवारबाई. बाटल्या तपासणाऱ्या विभागातल्या सगळ्यात जुन्या. मला त्यांच्याच विभागाची आणि तिथं येणाऱ्या प्रत्येक बॅचची कागदपत्रं सांभाळायची होती. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी भीती वाटणं ही खाजगी गोष्ट होती, ती अशी परक्या माणसाला पहिल्या वाक्यात सांगायची नसते. ही बाई जरा चक्रम असावी, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

नऊ वाजता मला कळलं.

रोज सकाळी नऊला सगळ्या विभागांची माणसं पॅकिंगच्या हॉलमध्ये उभी राहायची. समोर फरशीवर एक पिवळी पट्टी रंगवलेली होती. कारखान्याचे प्रमुख मोकाशी साहेब हातातल्या कागदावरून आदल्या दिवसाच्या चुका वाचायचे. ज्याची चूक त्याने पुढे येऊन पट्टीवर उभं राहायचं. साहेब ओरडत नसत. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं सगळेच म्हणायचे. ते अगदी हळू आवाजात म्हणत, "कारण सांगा," आणि मग थांबत. माणूस काहीबाही बोलायचा. साहेब तरीही थांबलेले. शंभर माणसं आपापल्या बुटांकडे बघत उभी. वरच्या हवेच्या पाइपांचा घूं आवाज तेवढा ऐकू यायचा. एकदा लेबल लावणाऱ्या एका बाईला तिथंच उलटी झाली. साहेबांनी तिला पाणी द्यायला लावलं, आणि ती पाणी पिऊन झाल्यावर पुन्हा म्हणाले, "कारण सांगा."

पगार वेळेवर व्हायचा. कँटीन बरं होतं. जायला-यायला कंपनीची बस. बाहेरच्या माणसाने पाहिलं असतं तर यांना दुःख कशाचं, असं त्याला वाटलं असतं. मलाही दोन महिने कळलं नाही की रविवारी दुपारी चार वाजले की माझ्या पोटात गोळा का येतो. मी ओवा खायचे.

हटवारबाईंचं काम दिसायला सोपं होतं. एका लहानशा अंधाऱ्या खोपट्यात बसायचं. समोर दिवा, दिव्यामागे अर्धा काळा, अर्धा पांढरा पडदा. सलाईनची बाटली मानेला धरून उलटी करायची, हलकेच गोल फिरवायची. आत धागा, ठिपका, काही कण तरंगतो का ते आधी काळ्यावर, मग पांढऱ्यावर बघायचं. काही दिसलं तर बाटली लाल पेटीत. अर्ध्या तासाने उठून डोळ्यांना विसावा द्यायचा. बाकीच्या बाया त्या वेळात मोबाइल बघायच्या. हटवारबाई कँटीनच्या मागच्या दारात उभ्या राहून समोरच्या पडीक शेतातल्या म्हशी मोजायच्या. "दूरचं पायलं का डोयाले बरं वाटते," असं म्हणायच्या.

त्यांचं माहेर-सासर दोन्ही कुहीकडचं, धानाच्या शेतीतलं. दीर अजून शेती करायचे. त्या दिघोरीत दोन खोल्यांच्या घरात आजारी नवऱ्याबरोबर राहायच्या. भीती त्यांना सगळ्याचीच होती. बस चुकेल म्हणून पाऊण तास आधी थांब्यावर. गॅस चालू राहिला असेल म्हणून शेजारणीला फोन. लिफ्टमध्ये कधी पाऊल ठेवलं नाही. डबा उघडला की भाजी आधी नाकाशी नेऊन हुंगायच्या, स्वतःच पहाटे केलेली असली तरी. यातलं काहीही त्या लपवत नसत. पाणी मागावं तितक्या सहज म्हणायच्या, "आज मले सायेबाचं भेव लागून राहिलं वं, थोडी जवळ उभी राय."

आणि नव्या माणसाला त्यांचा एक ठरलेला प्रश्न असायचा. "तुले कायचं भेव लागते?" उत्तर नाही आलं तर त्या रागवायच्या नाहीत, आधी स्वतःचं सांगायच्या. मलाही विचारलं. मी म्हटलं, मला कशाची भीती नाही.

"असं?" त्या म्हणाल्या. "मंग रविवारी वावा काहून खाते?"

ओव्याची गोष्ट मी सहज एकदा बोलून गेले होते. त्यांनी ती धरून ठेवली होती.

त्या वर्षी कंपनीने पुण्याहून एक प्रशिक्षक बोलावला. कर्मचारी आनंदी कसे राहतील, हा त्याचा विषय. त्याने आम्हाला फुगे फुगवायला लावले, एकमेकांच्या पाठी थोपटायला लावल्या, हात वर करून हसायला लावलं. आम्ही हसलो. मोकाशी साहेब दारात उभे होते, म्हणून जास्तच हसलो. मग त्याने चिठ्ठ्या वाटल्या. कामावर तुम्हाला कशामुळे दुःख होतं ते लिहा, नाव लिहू नका. चिठ्ठ्या गोळा करायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून मला माहीत आहे. साठेक चिठ्ठ्यांवर कँटीनची भाजी होती. काहींवर बसमधलं ऊन. एकीवर लिहिलं होतं, "नवाची मीटिंग. भेव लागते. पोट दुखते." आणि खाली, नाव लिहू नका सांगूनही, पूर्ण नाव, विभाग आणि कामगार क्रमांक.

मी ती चिठ्ठी हटवारबाईंकडे परत नेली. "बाई, ही साहेबांकडे जाणार आहे. फाडून टाकू का?"

त्यांनी चिठ्ठीची घडी घालून ती माझ्या हातात परत दिली.

"नाव नसलं तं थे कोनाचं भेव हाये, त्याईले कसं समजन?" त्या म्हणाल्या. "राहू दे. पन मले आता लय भेव लागलं वं."

दुसऱ्या दिवशी त्यांचं नाव वाचलं गेलं. त्या पट्टीवर उभ्या राहिल्या. साहेब म्हणाले, "तुम्हाला या मीटिंगची भीती वाटते?"

"हाव."

"कारण सांगा."

बाईंच्या पांढऱ्या झग्याचा खालचा काठ हलताना मला पाचव्या रांगेतून दिसत होता. "कारन हेच, सायेब," त्या म्हणाल्या. "हे जे तुमी आता करून राहिले, हेच."

साहेब थांबले, नेहमीसारखे. पण बाईंचं सांगून झालं होतं, त्यांच्याकडे पुढे काही नव्हतं. शेवटी साहेबांनीच कागद उलटला. त्या दिवशी बाईंनी डबा उघडला नाही. तरी, आपण घाबरतो हे त्या कारखान्यात मोठ्याने म्हणणारं कुणीतरी आहे, हे आता शंभर माणसांना माहीत झालं होतं. त्यानंतर विसाव्याच्या वेळात कँटीनच्या मागच्या दाराशी लोक यायला लागले. पॅकिंगच्या बाया, फोर्कलिफ्ट चालवणारा, एकदा तर सुरक्षारक्षकसुद्धा. म्हशी बघायला आलो म्हणायचे.

नितीन ढोके तिथंच आला.

नितीन ऑटोक्लेव्हवर होता. भरलेल्या बाटल्या वाफेत तापवून निर्जंतुक करायचं खोलीएवढं यंत्र, आम्ही त्याला मोठा कुकर म्हणायचो. तिशीचा, गोल चेहऱ्याचा, हसरा. त्या दिवसांत त्याचं हसणं गेलं होतं आणि पँट कमरेला सैल झाली होती. मी चहा घेऊन तिथंच उभी होते. मी गेले असते तर तो कदाचित मोकळा बोलला असता. मी गेले नाही.

"बाई," तो म्हणाला, "दोन हप्ते झाले. मले जेवन जाऊन नाही राहिलं."

हळूहळू बाहेर आलं. दोन आठवड्यांपूर्वी एका बॅचच्या वेळी वाफ कमी पडून मधेच तापमान खाली आलं. नियमाने सगळी फेरी पुन्हा करायला हवी होती. पण महिन्याभरापूर्वी त्याने असंच यंत्र थांबवलं होतं, माल उशिरा गेला, आणि तो पट्टीवर वीस मिनिटं उभा होता. या वेळी त्याने यंत्र थांबवलं नाही. कागदावर तापमानाची रेघ काढणारं पेन बाजूला करून त्याने उरलेली रेघ स्वतःच्या हाताने ओढली. बॅच पुढे गेली. बाटल्या तपासल्या गेल्या. निर्जंतुक असल्याच्या चाचणीला हजारोंतून थोड्याच बाटल्या काढतात. त्या चांगल्या निघाल्या. आणखी दोन दिवसांनी माल दवाखान्यांना जाणार होता.

हटवारबाई भिंतीला टेकल्या. "अर्ध्या तं म्याच पास केल्या," त्या म्हणाल्या. "काचेवानी साफ होत्या, बावा. काहीच दिसे नाही आतमंदी."

"दिसत नसते बाई थे जंतू."

"कोनाच्या तरी लेकराच्या हाताले लागन थे पानी."

नितीन रडायला लागला. मी चहाच्या कपाकडे बघत होते. कारण तो हाताने ओढलेला कागद माझ्या फायलीत होता, मी स्वतः लावलेला. लावताना मला ती रेघ फार सरळ वाटली होती. यंत्राची रेघ जराशी कापते, ही कापत नव्हती. मी पान उलटून पुढचं लावलं होतं. मला वाटलं होतं, विचारलं तर मलाच विचारतील.

"तुमीच सांगा ना सायेबाले," नितीन म्हणाला. "तुमाले जमते."

"मले काय जमते रे? माह्ये पाय पायले नाही का तू?" बाईंनी पदराने त्याचं तोंड पुसलं, लहान मुलाचं पुसावं तसं. "तुह्यं तूच सांगाचं. मी बाजूले उभी रायतो."

दुसऱ्या दिवशी नऊला साहेबांनी कागद उघडायच्या आत नितीन पट्टीवर जाऊन उभा राहिला. त्याच्या शेजारी हटवारबाई. साहेबांच्या कपाळावर आठी आली. "ढोके, तुमचं नाव मी घेतलेलं नाही. आणि बाई, तुम्ही का?"

"याले एकट्याले भेव लागते. मले बी लागते. दोघं असलं का थोडं कमी लागते, म्हून."

नितीनने सांगितलं. अडखळत, मागचं पुढे करत, पण सगळं. हॉलमध्ये कुणी हललं नाही. अशा वेळी सगळे एकेक पाऊल पुढे येतात, असं आपल्याला वाटायला आवडतं. कुणी आलं नाही. मी माझ्या वहीत तारीख लिहिली आणि तिच्याखाली रेघ मारली, मग आणखी एक. साहेब थांबले, पण या वेळी ते आमच्यासाठी थांबले नव्हते. मग त्यांनी हातातला कागद न वाचताच घडी घालून खिशात ठेवला.

माल थांबवला. सगळी बॅच नष्ट केली. नितीन निलंबित झाला आणि चौकशीनंतर त्याला गोदामात पाठवलं, पगारवाढ बंद करून. बाईंना काही शिक्षा झाली नाही, फक्त त्यांचं नाव महिनाभर कुणी घेत नव्हतं. बसमध्ये त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली. मी तिथं बसले, तेही चार दिवसांनी.

"मला दिसलं होतं," मी म्हटलं. "तो कागद. मला तेव्हाच दिसलं होतं."

मला वाटलं, आता त्या समजूत काढतील.

"मंग मले काहून सांगून राहिली?" त्या म्हणाल्या. "जिथं सांगाचं तिथं सांग."

मी सांगितलं. पट्टीवर नाही, केबिनमध्ये, लेखी. साहेबांनी वाचलं, सही केली, आणि मला बसा म्हणाले. त्या केबिनमध्ये मी त्याआधी कधी बसले नव्हते. त्यांनी विचारलं, "हटवारबाईंना तुम्ही ओळखता ना? काल मी त्यांना इथं बोलावलं होतं. त्यांनी मला एक प्रश्न विचारला." कोणता ते त्यांनी सांगितलं नाही, पण तो बाईंचा ठरलेलाच असणार, हे मला माहीत होतं. मी नंतर बाईंना खोदून विचारलं, साहेब काय म्हणाले?

"थे त्याईचं हाये," बाई म्हणाल्या. "सायेबाले बी वर सायेब हायेत वं. एवढंच समज."

त्यानंतर मोकाशी साहेब देवमाणूस झाले असं काही नाही. पट्टी तिथंच होती. पण नावं वाचणं बंद झालं. "कारण सांगा"च्या जागी ते "काय झालं होतं?" असं विचारू लागले, आणि उत्तर ऐकताना लिहून घेऊ लागले. एका सकाळी त्यांनी हॉलला सांगितलं की वाफेच्या व्हॉल्व्हची मागणी दोन महिने त्यांच्याच टेबलावर सहीवाचून पडली होती. "ती माझी चूक," एवढं म्हणून ते खोकले. आम्हाला कुठे बघावं कळेना. त्या आठवड्यात यंत्र तीनदा थांबलं, तिन्ही वेळा ज्याने थांबवलं त्याने स्वतः येऊन सांगितलं. रविवारी माझ्या पोटात गोळा यायचा तो अजूनही यायचा, पण चारऐवजी रात्रीच्या जेवणापर्यंत लांबला.

मला वाटलं, हटवारबाईंची गोष्ट इथं संपली, चांगली संपली.

पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस त्या माझ्या टेबलाशी आल्या. तोवर त्या माझ्या टेबलाशी कधी आल्या नव्हत्या. उभ्याच राहिल्या.

"अनघा, मले धागा दिसत नाही."

"कोणता धागा?"

"बाटलीतला. बारीक असते थो. ठिपका दिसते. धागा नाही दिसत, दिवाळीपासून."

तपासणाऱ्या बायांचे डोळे दर सहा महिन्यांनी तपासतात. दोनच महिन्यांपूर्वी त्या पास झाल्या होत्या, दाखला माझ्याच कपाटात होता. मी म्हटलं, असं कसं होईल?

"म्या पुढच्या बाईचे आकडे आयकले. पाठ केले, अन् म्हणून दाखवले." त्यांनी माझ्या टेबलाची कड धरली. "लोकाईले सांगत फिरली, भेव पोटात ठेवू नोका म्हून. अन् माह्यं सगळ्यात मोठं दाबून बसली. रिटायर व्हाले तीन वर्सं राहिले होते वं. यांचं औषध हाये. मले वाटलं, तीन वर्सं निघून जातीन."

या बाईला मी इतक्या वेळा घाबरलेलं पाहिलं होतं, पण असं कधी नाही. आवाज चढला नव्हता, पाय थरथरत नव्हते. सगळं आत गेलं होतं.

आम्ही दोघी केबिनमध्ये गेलो. सांगितलं त्यांनीच. साहेबांनी डोळे मिटून ऐकलं. मग त्यांनी दिवाळीपासून बाईंनी पास केलेल्या बॅचेसची यादी मला काढायला लावली. गोदामातला माल दुसऱ्या बायांनी पुन्हा तपासला, बाहेर गेलेला परत मागवला. आठ दिवस ते काम चाललं. बाई रोज यायच्या, कपडे बदलायच्या खोलीतल्या बाकावर बसून राहायच्या, आणि संध्याकाळी मला विचारायच्या, "किती निघाल्या?"

मी पहिल्या दिवशी खोटं सांगणार होते. नाही सांगितलं. शेवटी धागा असलेल्या एकूण तेरा बाटल्या निघाल्या. त्यांनी तेरा हा आकडा दोनदा उच्चारला आणि मान हलवली. कुणाला काही अपाय झाल्याची तक्रार आली नव्हती. मी ते त्यांना सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "आली नाही म्हून झाला नाही, असं कोन सांगन?"

खोटा दाखला म्हणजे नोकरी जाणार, हा नियम होता. साहेबांनी नागपूरहून मुंबईच्या मुख्य कार्यालयात फोन केले. मी बाहेरून आवाज ऐकत होते, पहिल्यांदाच चढलेला. एवढंच जमलं की काढून टाकण्याऐवजी त्यांनी स्वतः राजीनामा दिला असं कागदावर झालं. मी तो कागद टाइप केला. हटवारबाईंनी सही केली, कुठे करायची ते मी बोट ठेवून दाखवलं.

पुढे कधी मी स्वतःला विचारलं आहे, त्यांनी सांगितलं नसतं तर? तीन वर्षं निघून गेली असती कदाचित. मी आज त्या विभागाची प्रमुख आहे, आणि माझ्या हाताखालच्या बाया मला पाहून बोलणं थांबवतात का, याची मला सतत धास्ती असते.

शेवटच्या दिवशी कुणी हार आणला नाही. काय म्हणून आणायचा, हेच कुणाला ठरवता आलं नाही. नितीन गोदामातून बसपर्यंत त्यांची पिशवी घेऊन आला आणि परत गेला. मी त्यांच्या शेजारी बसले. वाटेत त्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनबद्दल बोलल्या, कुहीला धान लावायला जाईन म्हणाल्या. दिघोरीला बस थांबली. पायऱ्या उतरताना त्यांनी प्रत्येक पायरी आधी पायाने चाचपली.

उतरून त्या रस्त्याच्या कडेला वळल्या. ऊन थेट तोंडावर होतं. त्यांनी हात वर केला आणि हलवू लागल्या, हसत, बसच्या मागच्या रिकाम्या खिडकीकडे बघत. मी पुढे होते. हाक मारली असती तर त्यांना कळलं असतं की त्या चुकीच्या ठिकाणी बघताहेत.

बस हलली. मी उठले, दांड्याला धरत मागे गेले आणि त्या खिडकीशी उभी राहून हात हलवत राहिले.